तेविसावी कवळी

खालचा खण ओढला गेला आणि डॉक्टर चिंतामण आगाशे दचकले. दचकायचं काही कारण नाही, असं त्यांनी लगेच स्वतःला बजावलं. तपासणीचं पत्र आल्यापासून आठ दिवस ते आणि त्यांची मदतनीस रेश्मा, दोघांनी मिळून तासगावातला हा दोन खोल्यांचा दवाखाना लग्नघरासारखा घासून काढला होता. अवजारं उकळत्या वाफेत घालायच्या यंत्राची वही पूर्ण होती, पिवळ्या आणि लाल पिशव्या आपापल्या डब्यांत होत्या, आग विझवायचं नळकांडं भरून आणलं होतं, रुग्णांच्या हक्कांचा फलक भिंतीवर होता आणि तो वाकडा दिसतो म्हणून रेश्माने दोनदा उतरवून पुन्हा लावला होता. सांगलीहून आलेल्या डॉक्टर संयोगिता भोईटे यांनी दीड तासात या सगळ्यावर बरोबरच्या खुणा केल्या होत्या. वयानं पस्तिशीच्या, स्वतः दंतवैद्य, दर वाक्यात 'सर' म्हणणाऱ्या. आता चहा मागवावा असा विचार डॉक्टरांच्या मनात येतो न येतो तोच बाईंनी मापाच्या साच्यांचं कपाट उघडलं आणि सगळ्यात खालचा खण ओढला. घरातल्या माणसाला घराचा वास येत नाही. त्या खणाचंही तसंच झालं होतं. आठ दिवसांत तो पुसायचंसुद्धा दोघांना सुचलं नव्हतं.

खणात ओळीनं लहान लहान प्लास्टिकचे डबे होते. प्रत्येक डब्यावर रेश्माच्या सुवाच्य अक्षरात चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव, नावाआधी 'कै.' आणि खाली तारीख. बाईंनी एक डबा उघडला, मिटला, दुसरा उघडला. त्यांच्याबरोबर फाइल धरायला आलेले आकाराम नावाचे कारकून मान लांब करून बघत होते. "मेलेल्या माणसांच्या कवळ्या हायत्या ह्या?" त्यांनी विचारलं, आणि फाइल छातीशी धरून एक पाऊल मागं सरले. बाईंनी मात्र आवाज चढवला नाही. "सर, जुन्या कवळ्या दुसऱ्यांना बसवता का तुम्ही?" त्यांनी विचारलं. "तसं असेल तर मला नोंदणी रद्द करायची शिफारस करावी लागेल. दुसरा इलाजच नाही." हे त्यांनी इतक्या हळू सांगितलं की डॉक्टरांना त्यांची दया आली, आणि मग स्वतःची आली. एकतीस वर्षांचा दवाखाना. वय एकोणसाठ. या वयात दात काढण्यापलीकडे आपल्याला दुसरं काय येतं, हा प्रश्न इतकी वर्षं कधी पडला नव्हता, तो आत्ताच, खुर्चीवरचा दिवा बंद करता करता पडला. "लोक आणून देतात," ते म्हणाले.

आणि ते खरंच होतं. कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी एक पोरगा दारात येऊन उभा राहिला होता. रुग्णालयानं बापाच्या देहाऐवजी त्याच्या हातात एक बंद पिशवी ठेवली होती. चष्मा, अंगठी आणि कवळी. अंगठी बहिणीला गेली, चष्मा गावातल्या एका म्हाताऱ्याला लागू पडला, आणि कवळी राहिली. चितेवर ठेवायची वेळ टळून गेलेली. नदीत सोडायला मन होईना. उकिरड्यावर टाकायची तर बापाचं तोंड टाकल्यासारखं. घरात ठेवावी तर ती फळीवरनं बघून हसते, असं आईचं म्हणणं. "तुमीच केल्याली, तुमीच ठिवा," असं म्हणून त्यानं ती टेबलावर ठेवली होती, सोबत एक सुपारी. डॉक्टरांना नाही म्हणता आलं नाही. नाही म्हणणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं, आणि याला लोक चांगुलपणा म्हणत असल्यामुळे त्यांनी कधी त्याची चौकशी केली नव्हती. मग बातमी पसरली. दहावा झाला की लोक यायचे. विसापूरहून, सावळजहून, सुपारी आणि कवळी घेऊन. रेश्मानं एक शाळेची वही घातली, नंबर टाकून नावं लिहू लागली. डॉक्टरांना चेहरे लक्षात राहत नसत, तोंडं राहत. एखादी कवळी हातात घेतली की त्या माणसाचा घास, त्याचं बोलताना थांबणं, पेरूची बी वरच्या कवळीखाली अडकली म्हणून भर बाजारातून त्यानं केलेला फोन, सगळं परत यायचं. हे सगळं बाईंना सांगायला हवं होतं. पण सांगायला गेलं की खुळचट वाटेल अशा गोष्टी असतात, त्यातली ही एक. ते नुसतं म्हणाले, "वही आहे. रेश्मा, वही दे यांना."

रेश्मा बेसिनपाशी स्वच्छ हात पुन्हा धूत होती. तिनं वही दिली, पण देताना डॉक्टरांकडे जे पाहिलं, त्यात एक प्रश्न होता. बाई वहीतली नावं आणि खणातले डबे जुळवू लागल्या. चौथ्या डब्यापाशी त्या थबकल्या. "कैलासवासी वामन आगाशे?" "वडील," डॉक्टर म्हणाले. "सांगलीला शिक्षक होते." बाईंनी तो डबा न उघडता परत ठेवला, इतरांपेक्षा जरा जपून. आणि शेवटी मान वर करून म्हणाल्या, "नावं तेवीस आहेत सर. डबे बावीस. नाथाजी जाधवांची कवळी कुठं आहे?"

नाथाजी जाधव मणेराजुरीचे. लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, मग द्राक्षबाग केली. हसले की मिशीखाली वरचे सहा दात एकदम दिसायचे, आणि ते सहा दात डॉक्टरांनी जीव ओतून बसवले होते. एक जरा तिरपा, मुद्दाम, कारण मूळचा तसा होता. गेल्या फेब्रुवारीत ते गेले. दहाव्यानंतर त्यांचा धाकटा भाऊ जोतिबा येऊन वरची-खालची अशी पूर्ण कवळी देऊन गेला होता. आणि मे महिन्यात तो परत आला. नाथाजींच्या मुलीचं, मयूरीचं, लग्न चार दिवसांवर होतं. कन्यादानाला बापाच्या जागी चुलता बसणार होता, आणि चुलत्याच्या तोंडात मिश्रीनं एक दात ठेवला नव्हता. "फोटूत बोळकं दिसंल वो डाक्टर," तो म्हणाला होता. "पोरगीला आयुष्यभर फोटू बघायचाय. नवी करा म्हणलं तर तीन आठवडं लागत्यात म्हनं. आण्णाची हाय न्हवं तुमच्याकडं?" नाही म्हणायला हवं होतं. विद्यार्थ्यालाही कळेल इतकं साधं होतं ते. एकाच्या जबड्याचं माप दुसऱ्याला चालत नाही, मग तो सख्खा भाऊ असला तरी. पण माणूस समोर उभा, टोपी हातात, आणि दोन्ही भावांच्या जबड्याची ठेवण खरोखरच सारखी. डॉक्टरांनी ती कवळी काढली, वाफेच्या यंत्रात घालता येत नाही म्हणून औषधात भिजवली, आतून गुलाबी मसाल्याचा थर दिला, घासली, बसवली, पुन्हा घासली. त्या मसाल्याचा उग्र वास खोलीत भरला होता आणि त्यांना अनेक वर्षांत वाटला नव्हता इतका आनंद होत होता. "लग्नापुरतीच," त्यांनी बजावलं होतं. "अक्षता पडल्या की परत आणून द्या."

ते लग्नालाही गेले होते. जायचं काही कारण नव्हतं, म्हणजे कारण होतं पण ते सांगण्यासारखं नव्हतं. कानपिळीच्या वेळी नवरीच्या भावानं नवऱ्याचा कान जरा जास्तच पिळला, नवरा ओरडला, मांडव हसला आणि जोतिबाही हसला. मांडव एकदम गप्प झाला. मिशीखाली ते सहा दात, त्यातला एक तिरपा. सुभेदार परत आले होते. कोपऱ्यात बसलेल्या सुभेदारांच्या बायकोनं, साळूबाईनं, दिराकडे पाहिलं आणि ती उठून आत गेली. मन भरून आलं असणार, डॉक्टरांना वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर आपल्या कलेचा त्यांना अभिमान वाटला होता. त्या दिवशी त्यांनी मधुमेह विसरून तीन जिलब्या खाल्ल्या. मग जून गेला, जुलै गेला. जोतिबा कवळी द्यायला आला नाही. फोन करावा असं दर महिन्याला वाटायचं, पण हसत्या माणसाच्या तोंडातून दात कसे मागायचे? रेश्मानं दोनदा आठवण केली. दुसऱ्यांदा ते तिच्यावर उगाचच चिडले. आता जानेवारी चालू होता.

"सर?" बाईंनी विचारलं. "घरच्यांनी परत नेली," डॉक्टर म्हणाले. वाक्य खरं होतं. शब्द न् शब्द खरा. इतकं खरं वाक्य आपल्याला आयतं सुचलं याचं त्यांना बरं वाटलं, आणि बाईंनाही ते ऐकून बरं वाटलेलं दिसलं. त्यांनी लिहून घेतलं. बाकीच्या बावीस कवळ्या महिन्याभरात ज्याच्या त्याच्या घरच्यांना परत द्याव्यात, कुणी न नेल्यास नियमाप्रमाणे विल्हेवाट लावावी, एवढी सूचना. झाकली मूठ सव्वा लाखाची. आकारामांनी शिक्का काढला. आणि त्याच क्षणी डॉक्टरांना, काही कारण नसताना, मऊ भात दिसला. वडिलांच्या ताटातला. वडिलांची कवळी ही त्यांनी आयुष्यात केलेली दुसरी की तिसरी कवळी. मिरजेतल्या कॉलेजातून नुकतेच बाहेर पडले होते, हात शिवशिवत होते. "छान बसलीय रे," वडील म्हणाले होते, आणि अकरा वर्षं म्हणत राहिले. वडील गेल्यावर आई एकदा भाजी निवडता निवडता सहज बोलून गेली होती, "त्यांना फार टोचायची ती. तू नसलास की काढून ठेवायचे. तुला वाईट वाटू नये म्हणून मऊ भात खाल्ला बिचाऱ्यांनी." अकरा वर्षं. भाकरी नाही, शेंगदाणा नाही, सांगलीच्या माणसानं भडंग नाही.  पुढं लोक कवळ्या आणू लागले तेव्हा डॉक्टरांनी तीही इथं आणून खणात चौथ्या नंबरला ठेवली होती, आणि खण बंद केला की ते सगळं बंद होत असे. आता खण उघडाच होता. जोतिबा आठ महिन्यांत एकदाही आला नव्हता. नवी कवळी घातलेला माणूस पंधरा दिवसांत एकदा तरी येतोच, इथं लागतं, तिथं उचलते, असं सांगत. न येणारा माणूस सुखी असतो किंवा भिडस्त. आणि जोतिबा नुसतं 'छान बसलीय' असं म्हणायलाही आला नव्हता.

"थांबा," डॉक्टर म्हणाले. "शिक्का मारू नका." रेश्माच्या हातून ट्रे सुटला. त्यांनी सगळं सांगितलं, पहिल्यापासून, जिलब्यांसकट. जिलब्यांचं सांगायची काय गरज होती कोण जाणे. आकाराम त्यांच्याकडे अशा नजरेनं बघत होते की जणू हा माणूस हात दाखवून अवलक्षण करून घेतोय. बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं सर," त्या म्हणाल्या. "माहीत आहे," डॉक्टर म्हणाले. "पण त्याचं तोंड मी बघितलेलं नाही. तुमच्यासमोर बघतो. तुम्हीही बघा." आणि त्यांनी फोन लावला.

जोतिबा अर्ध्या तासात मोटरसायकलवरून आला. बागेत घडांना कागद गुंडाळायचं काम चाललं होतं, तसाच उठून आलेला. बोटांना वर्तमानपत्राची शाई, गालाची हाडं वर आलेली. वाळलाय, हे डॉक्टरांना दारातच दिसलं. खुर्चीत बसवून त्यांनी आधी वरची आणि मग खालची कवळी हलकेच काढली तेव्हा तो डोळे गच्च मिटून राहिला. डाव्या बाजूला, गाल आणि हिरडीच्या मधल्या खोबणीत, कवळीच्या काठाबरहुकूम लांबट जखम पडली होती. कडा पांढुरक्या, फुगलेल्या. एका दिवसाची नव्हे, अनेक महिन्यांची. डॉक्टरांनी हातमोजा घातलेलं बोट तिच्या कडेवरून फिरवलं. कड कठीण लागली तर कर्करोगाची शंका, पुढचं सगळंच वेगळं. मिश्रीचं तोंड. त्यांनी पुन्हा बोट फिरवलं. मग बाईंनी हातमोजे चढवून पाहिलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. "मऊ आहे," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजातला अधिकारी तेवढ्यापुरता कुठंतरी गेला होता. "कवळी बंद केली तर भरेल. पंधरा दिवसांत भरली नाही तर तुकडा तपासायला पाठवायचा, सर." डॉक्टरांनी मान हलवली. मग ते उगाचच दिव्याचा कोन बदलत राहिले.

"दुखत होतं ना, जोतिबा? मग आला का नाहीत?"

"दुखतंय की," जोतिबा म्हणाला. कवळीशिवाय त्याचे शब्द ओले होत होते. "पर आण्णाची हायती. आण्णाला हयातीत कवा उलट बोललो न्हाई. त्येच्या दातास्नी काय नावं ठिवायची?" मग खुर्चीशेजारच्या भांड्यात थुंकून, जरा खालच्या आवाजात, "आनि वैनी हाय. जेवताना समोर बसती. बोलत काय न्हाई, पर माझ्या तोंडाकडं टक लावून बघती, घास हातात तसाच. तिला तेवडंच हाय, डाक्टर. ते कसं काढून घ्यायचं?" आणि बाईंकडे वळून, "म्याडम, डाक्टरास्नी काय करू नगासा. मीच गळ घातली हुती."

बाईंनी अहवाल नव्यानं लिहिला. मृत व्यक्तीची कवळी दुसऱ्या रुग्णास बसवल्याचं स्वतः सांगितलं, जखम झाली, रुग्ण तपासला. निर्णय होईपर्यंत दवाखाना बंद. नोंदणी जाईल की राहील हे वरची समिती ठरवणार. "मी दोन्ही गोष्टी लिहिल्यात," त्या म्हणाल्या. "चूक आणि कबुली. त्यापेक्षा जास्त मला काही करता येत नाही." "करूही नका," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी सही केली. कवळीचे दोन्ही भाग त्यांनी बाईंच्या देखत मधोमध कापले, कुणाच्याच तोंडात पुन्हा बसू नये म्हणून. जोतिबानं तोंड फिरवलं. मग म्हणाला, "आता वैनीला काय सांगू?" इतक्या वर्षांच्या सवयीनं डॉक्टरांच्या ओठावर काहीतरी गोड येऊ घातलं होतं. त्यांनी ते येऊ दिलं नाही. "तुम्ही काही सांगू नका. मी येतो," ते म्हणाले, आणि पांढरा कोट खुंटीला अडकवून जोतिबाच्या मागं मोटरसायकलवर बसले.

बेदाण्याच्या शेडवरून येणारा गोडसर आंबूस वास, मागं मागं पळणाऱ्या बागा, त्यांतले कागदात गुंडाळलेले घड. नोंदणी गेली तर काय, याचा विचार वाटेत करायचा असं त्यांनी ठरवलं होतं, पण वाटभर ते साळूबाईला सांगायची वाक्यंच जुळवत होते. दुसऱ्यांदा विधवा करायला निघालोय आपण हिला, असं त्यांना वाटत होतं. घराच्या ओसरीवर ती बसली होती, पुढ्यात झाकलेली दोन ताटं. दीर जेवायला यायचा होता म्हणून थांबलेली. ती पण वाळली होती, मे महिन्यातल्या बाईच्या निम्मीच उरली होती. जोतिबा उंबऱ्यापाशी घुटमळला आणि त्यानं खोलगट झालेलं तोंड हातानं झाकलं.

"साळूबाई," डॉक्टर उभ्या उभ्याच म्हणाले, "चूक माझी आहे. यांच्या तोंडात जखम झालीय. ती कवळी मी काढून घेतली, मोडून टाकली. आता परत मिळणार नाही." पुढची वाक्यं होती, जुळवलेली, पण एकही आठवेना.

साळूबाई दिराकडे बघत राहिली. मग ती म्हणाली, "भाऊजी, हात काडा." जोतिबानं हात खाली घेतला. ती बराच वेळ बघत होती, आणि तिच्या खांद्यांतलं काहीतरी सैल होत गेलं.

"आट म्हैनं," ती म्हणाली. "आट म्हैनं हे गेल्यालं मानूस रोज समोर बसून जेवत हुतं, डाक्टर. माजा घास खाली उतरत नव्हता. पर भाऊजीस्नी भावाची माया, त्येंनी हौसंनं घाटल्याली, काडा कसं म्हनू? त्येंला वाईट वाटलं असतं." ती बोलता बोलता थांबली. जोतिबा तिच्याकडे बघत होता, ती जोतिबाकडे, आणि डॉक्टरांना कुठं बघावं हे कळेना.

मग साळूबाईनं ताटावरचं झाकण काढलं, दिराची भाकरी घेतली, दुधात कुस्करली आणि ती मऊ होईपर्यंत बोटांनी चुरत राहिली. ताट त्याच्याकडे सरकवून तिनं आपलं ताट पुढं ओढलं.

"बसा की डाक्टर," ती म्हणाली. "उभं का? मला लय भूक लागलीया."